कप्तान नव्हे, पंपमन

खोली बघायला गेले तेव्हा माझ्या हातात काचेची एक मोठी बरणी होती आणि बरणीत मालवणच्या समुद्राचं पाणी. बोर्डीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला रुजू होणार होते. मुलांना दाखवायला म्हणून घरच्या खडकांवरची तीन समुद्रफुलं, फुलासारखे दिसणारे ते जीव, पाण्यासकट उचलून आणली होती. चिकूच्या वाडीच्या फाटकाशी बनियन आणि खाकी अर्धी चड्डी घातलेले एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, किती दिवस राहणार तेही विचारलं नाही. बरणीकडे बोट करून म्हणाले, "पाणी कुठलं?"

"मालवणचं."

"मग ते इथे कुठेही ओतायचं नाही. मोरीत नाही, झाडाला नाही, आणि समुद्रात तर नाहीच नाही. बदलाल तेव्हा जुनं पाणी माझ्याकडे द्यायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं, कारण उन्हात उभं राहून पाय दुखत होते. आतून त्यांच्या पत्नी, काकू, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, "घाबरू नको गं. चावत नाहीत ते. फक्त पाणी उकळतात."

ते खरंच उकळत. दर रविवारी मी बरणीतलं जुनं पाणी नेऊन द्यायची आणि ते मागच्या पडवीत चुलीवर पातेलं चढवून, स्टुलावर बसून, ते पार आटेपर्यंत राखण करायचे. तळाशी मीठ राहिलं की पातेलं माझ्यापुढे धरायचे. "हे चालेल. मिठाला जीव नसतो." त्या पातेल्याला घरात 'मालवणचं पातेलं' असं नाव पडलं. काकू त्यात चुकूनही दुसरं काही करत नसत.

मी त्यांना काका म्हणायची, गाव त्यांना कप्तान म्हणायचं. बत्तीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला गाव दुसरं काय म्हणणार? पण त्यांना ते मुळीच खपत नसे. किराणावाला असो, पोस्टमन असो, नाहीतर लग्नात भेटलेला तालुक्याचा साहेब असो, ते थांबून दुरुस्ती करायचे, "कप्तान नव्हे, पंपमन." समोरचा ओशाळून म्हणायचा, "तेच ते हो." मग ते त्याला शांतपणे समजावायला बसायचे की तेच ते नसतं. कप्तान वर काचेच्या केबिनमध्ये असतो आणि त्याला समुद्र दिसतो. पंपमन खाली नळांच्या जंजाळात असतो आणि त्याला समुद्र ऐकू येतो. एवढं होईपर्यंत समोरच्या माणसाची एसटी सुटलेली असायची.

जहाज सोडून आले तरी जहाज त्यांना सोडत नव्हतं. वाडीत ठिबकचे नळ होते, त्यांच्या प्रत्येक झडपेवर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. कुठली झडप किती वाजता उघडली आणि किती वाजता बंद केली, हे वहीत लिहिलेलं. गडीमाणसं त्या वहीला हसायची, पण झडपेला हात लावायच्या आधी हाक मारायची, "उघडू का?" कारण काकांचा एकच मंत्र होता, "आधी विचारा, मग उघडा." तो झडपेपुरता नव्हता. डब्याचं झाकण, आलेलं पाकीट, बंद खोलीचं दार, सगळ्याला तोच नियम. काकूंनी एकदा लोणच्याची बरणी न विचारता उघडली तेव्हा त्यांनी नुसतं बघितलं. काकू म्हणाल्या, "लोणचं मी घातलंय. मी कुणाला विचारू, लोणच्याला?" पुढचे दोन दिवस ते मधूनच हसत होते.

खाडीत पाय बुडवून आलेल्या माणसानं समुद्रावर जायच्या आधी पाय गोड्या पाण्यानं धुवायचे, हाही एक नियम. आम्ही शाळेची सहल डहाणूच्या खाडीवर आणि मग बोर्डीच्या किनाऱ्यावर नेली तेव्हा ते फाटकाशी पाण्याचं पिंप आणि तांब्या घेऊन उभे होते. साठ मुलांचे एकशे वीस पाय त्यांनी धुवून घेतले. मुख्याध्यापकांचेही. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन विचारू लागले, "बाई, यांचं काही व्रत वगैरे आहे का?"

मलाही पहिले काही महिने तसंच वाटायचं. मग एका दुपारी त्यांनी मला सगळं करून दाखवलं. अंगणातल्या हौदात त्यांनी रिकामं पातेलं सोडलं आणि बोटानं हलकं ढकललं. ते डुगडुगलं आणि कलंडलं. मग त्याच पातेल्यात दोन तांबे पाणी घालून पुन्हा सोडलं. आता ते स्थिर तरंगत राहिलं.

"रिकामं जहाज असंच कलंडतं. म्हणून माल उतरवला की त्याच बंदरातलं पाणी टाक्यांत भरून घ्यायचं. हजारो टन. मग महिनाभर प्रवास करायचा, दुसऱ्या देशात पोचायचं. तिथे माल चढवायचा, म्हणून पाणी सोडून द्यायचं." त्यांनी तांब्यानं पातेल्यातलं पाणी काढून जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. "आता सांगा, त्या पाण्याबरोबर काय काय गेलं?"

मी जीवशास्त्राची बाई. मला ते पाठ होतं. सूक्ष्म शैवालं, जिवाणू, शिंपल्यांची पिल्लं. पण मी ते पुस्तकात वाचलं होतं आणि त्यांनी ते हातानं केलं होतं.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले. "वरून हुकूम आला की झडप मी उघडायचो. मला कौतुक वाटायचं, किती स्वच्छ पाणी सोडतोय म्हणून. तेल नाही, घाण नाही. नुसतं पाणी."

मग त्यांनी मला ती बेटावरची गोष्ट सांगितली. दूर दक्षिणेकडचं एक थंड बेट होतं. जहाज बंदराला लागलं होतं, संध्याकाळी सुट्टी होती. काकांना कालवं फार आवडायची. किनाऱ्याला एका म्हाताऱ्याची कालवांची शेती आहे असं कळल्यावर ते चालत तिथे गेले. म्हातारा फळीवर बसून दोर गुंडाळत होता. त्यानं मान हलवली. विकायला बंदी होती. का, तर पाण्यात एक सूक्ष्म जीव आला होता. साखळी करून राहणारा, डोळ्यांना न दिसणारा. कालवं त्याला खातात, त्यांना काही होत नाही. पण ती कालवं खाणाऱ्या माणसाचे ओठ बधिर होतात, मग हातपाय, आणि फार झालं तर श्वास. शिजवूनही ते विष जात नाही. पूर्वी हा जीव तिथे नव्हता. कुठून आला, असं काकांनी विचारलं. म्हाताऱ्यानं बंदरात उभ्या असलेल्या त्यांच्याच जहाजाकडे हनुवटी केली.

"रागावला असता तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "त्यानं मला चहा दिला."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला. मी झडप उघडली."

त्यांनी हौदातलं पातेलं काढून पालथं घातलं.

माणूस मात्र दुःख कुरवाळणारा नव्हता. ते सांगून झाल्यावर पाच मिनिटांत त्यांनी मला विचारलं, "तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे?" होते, दोन. त्यातल्या एकाचा आरसा फुटला होता आणि तो मोडीत काढायच्या यादीत होता. मी अर्ज करून तो मागून घेतला. काकांनी आपल्या दाढीच्या आरशाचा तुकडा कापून त्याला बसवला, स्क्रूंना तेल दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ते एक डोळा मिटून त्यावर वाकलेले होते. काकू चहा घेऊन शेजारी उभ्या होत्या. चहा थंड झाला होता. "बाई," ते मान वर न करता म्हणाले, "इथे तर जत्रा भरलीय."

तेव्हापासून त्यांचा छंद सुरू झाला. पंधरा दिवसांनी एकदा बोर्डी, डहाणू आणि वाढवण अशा तीन ठिकाणचं पाणी आणायचं, त्यात दवाखान्यातून आणलेल्या आयोडीनचे थेंब टाकायचे, खाली बसलेला गाळ काचेवर घेऊन बघायचा आणि दिसेल त्याचं चित्र वहीत काढायचं. चित्रं सुरेख असायची. नावं मी पुस्तकातून शोधून द्यायची, पण त्यांना ती लांबलचक नावं आवडायची नाहीत. त्यांनी स्वतःची नावं ठेवली. एकाचं करंजी, एकाचं होडी, एकाचं पंचायत समिती, कारण ते नेहमी घोळक्यानं एकाच जागी बसलेलं असायचं.

वाढवणला खडकाळ किनारा आहे. ओहोटीला तिथल्या बायका कोयता आणि टोपली घेऊन कालवं काढायला उतरतात. त्यांच्यातली हिरू म्हणून एक पन्नाशीची बाई होती, आवाजानं खणखणीत. काका बाटली भरायला वाकले की ती लांबून ओरडायची, "कप्तान, समुद्र संपवशील रं एक दिवस." काका तिथूनच दुरुस्ती करायचे. ती पुन्हा कप्तानच म्हणायची.

त्याच काळात वाढवणच्या बंदराची चर्चा पुन्हा सुरू झाली होती. गावात सभा व्हायच्या, काळे झेंडे लागायचे. एकदा हिरूनं सरळ विचारलं, "बंदर आलं तर ती जहाजं आमच्या दारात पानी वततील का?"

"नियम पाळला तर नाही. नाही पाळला तर ओततील," काका म्हणाले. "पण एक सांगतो. काय नवीन आलं हे कळायला, आज काय आहे हे कुणालातरी माहीत पाहिजे. म्हणून या बाटल्या."

तेव्हापासून हिरू त्यांना खडकातली खोल जागा दाखवू लागली.

दुसऱ्या वर्षीची, माघातली गोष्ट. सोमवारी सकाळी काका शाळेत येऊन वर्गाच्या दाराशी उभे राहिले. असं ते कधी येत नसत. मी बाहेर गेले. त्यांच्या हातात वहीचं पान होतं आणि पानावर साखळी काढलेली होती. मण्यांसारखे आठ दाणे, एकमेकांना चिकटलेले.

"वाढवणच्या पाण्यात," ते म्हणाले. "कालच्या बाटलीत. मला वाटतं, तोच आहे."

मधल्या सुट्टीत घरी जाऊन मी स्वतः बघितलं. साखळी होती. पण साखळी करून राहणारे जीव बरेच असतात आणि त्या दाढीच्या आरशातून त्यांच्यातला फरक ओळखणं माझ्या शिक्षणापलीकडचं होतं. मी तसं सांगितलं. मुंबईत माझे एक जुने प्राध्यापक होते, त्यांच्या प्रयोगशाळेत नीट कळलं असतं. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाटली घेऊन जायचं ठरलं.

"आणि तोवर?" काका म्हणाले. "परवा हिरूच्या पोरीची हळद आहे. सगळ्या बायका दोन दिवस कालवं काढतायत."

आम्ही तसेच निघालो. दोन एसट्या बदलून वाढवणला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हिरूच्या दारात मांडव पडला होता. पडवीत ओल्या गोणपाटाखाली कालवांच्या चार टोपल्या झाकून ठेवलेल्या. नवरी मुलगी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. कालवांचं सुकं तिच्या आवडीचं, म्हणून एवढा घाट होता.

काकांनी चप्पल काढली आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. पाण्यात काय दिसलं, ते काय असू शकतं, कालवांतून माणसाला काय होतं.

"आमी उकडून खातो," हिरू म्हणाली.

"उकडून जात नाही ते."

"माज्या आजीपासून खातो."

"तुझ्या आजीच्या वेळी ते इथे नव्हतं. आत्ता आहे का, तेच बघायचंय."

मांडवातली माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. नवरीचा मामा म्हणाला, उद्या मासळीवर पण बंदी आणशील. काकांची मान खाली होती. हिरूनं हातानं सगळ्यांना गप्प केलं आणि ती काकांसमोर येऊन उभी राहिली.

"तुला नक्की म्हायती हाय?"

मला वाटलं, आता हे म्हणतील हो. एवढं लांब आलोय, एवढी माणसं बघतायत. काकांनी मान वर केली.

"नाही. नक्की नाही माहीत."

हिरू त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळून सुनेला म्हणाली, "टोपल्या उचल. खडकात नेऊन वत."

मुलीचे डोळे भरून आले, पण ती लसूण सोलत राहिली. हळदीच्या दिवशी सकाळी त्यांनी आणि काकूंनी वाडीतलं सुरण, शेवग्याच्या शेंगा आणि नारळ असा टेम्पो भरून वाढवणला नेला. मच्छीमारांच्या हळदीला सुरणाची भाजी झाली. हे अजून त्या गावात सांगतात आणि सांगताना हसतात.

मंगळवारी मी बाटली मुंबईला पोचवून आले होते, प्राध्यापकांचा फोन शनिवारी आला. मी पडवीत होते, काका पायरीवर. मी फोन कानाला लावून ऐकत होते आणि ते माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. फोन ठेवून मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले.

"काका, तो नव्हता. दुसराच आहे. निरुपद्रवी. आपल्याकडे नेहमी सापडणारा."

"नक्की?"

"नक्की म्हणाले."

ते उठले. मला वाटलं, आत जाऊन झोपतील. चार गावांत तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. पण ते काकूंना हाक मारत स्वयंपाकघरात गेले. "अगं ऐकलंस का? मी चुकलो. नाही आला तो. आपल्याकडे नाही आला." एवढ्या वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरून त्यांना गोल फिरवलेलं मी त्या दिवशी पाहिलं. काकूंच्या हाताला कणीक होती.

मग ते बाजारात गेले आणि पेढे घेऊन आले. मिठाईवाला गुजराती, त्यानं विचारलं, "शुं थयुं काका, दीकरो आव्यो?" म्हणजे मुलगा झाला का. काका म्हणाले, "नाही हो. मी चुकलो, त्याचे पेढे." त्यानं पुन्हा विचारलं, कारण त्याला वाटलं आपल्याला मराठी नीट कळलं नाही.

रविवारी आम्ही वाढवणला गेलो. हिरू जाळं झटकत होती. काकांनी पेढ्याचा पुडा पुढे केला आणि म्हणाले, "मी चुकलो, हिरू. तुझी कालवं चांगली होती."

"म्हंजे खाल्ली असती तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

"चार टोपल्या."

"चार टोपल्या."

"माजी पोर न खाता सासरी गेली. मांडवात सुरण शिजलं. आनी तू पेढे वाटतोस?"

काकांचं तोंड काही केल्या गंभीर होईना. हिरूनं ते बघितलं आणि ती हसायला लागली. जाळं खाली टाकून, कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पेढा तोंडात टाकून म्हणाली, "त्या दिवशी नक्की म्हनाला असतास ना, तर हाकलला असता तुला. आता मला दाव ते. तुज्या त्या नळीत काय दिसतं ते मला दाव."

पुढच्या बुधवारी ती एसटीनं बोर्डीला आली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. पहिला अर्धा तास तिला स्वतःच्या पापण्यांशिवाय काही दिसलं नाही. मग एकदम दिसलं आणि तिनं बराच वेळ डोळा नळीवरून हलवलाच नाही. तिची नजर आमच्या दोघांपेक्षा तीक्ष्ण होती. खडकावरचं बारीक कालव ओळखायची सवय तिला लहानपणापासूनची. दोन महिन्यांत ती करंजी आणि होडी सांगू लागली. काकांच्या चित्रातली चूक दाखवू लागली. तिच्याबरोबर आणखी दोघी येऊ लागल्या. काकू त्यांच्यासाठी पोहे करायच्या आणि पडवीत सगळ्यांचा एकच कल्ला असायचा. हिरूची मुलगी तलासरीकडे झाईला दिली होती. ती तिथल्या खाडीचं पाणी बाटलीत भरून कंडक्टरच्या हाती पाठवायची. कंडक्टरला काकांनी बजावून सांगितलं होतं की बाटली फुटली तर पाणी गाडीतच पुसायचं, बाहेर ओतायचं नाही. तो म्हणायचा, "एसटीत आजवर बकरी पण नेली, पण एवढ्या अटी कुणी घातल्या नाहीत."

मी पाच वर्षं त्या घरात राहिले. दरम्यान जगात एक नियम लागू झाला की जहाजांनी पोटातलं पाणी शुद्ध केल्याशिवाय परक्या बंदरात सोडायचं नाही. हळूहळू एकेका जहाजावर त्यासाठी यंत्र बसेल, असं काकांनी वर्तमानपत्रात वाचून मला सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. पण ते म्हणाले, "कागदावर आहे, बाई. यंत्र चालतंय का, ते बघायला हवं."

मी सोडून जायच्या आधीच्या हिवाळ्यात, एका दुपारी, त्यांच्या फोनवर परदेशातून व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक गोव्याचा मुलगा आता एका मोठ्या जहाजावर पंपमन झाला होता. त्याच्या जहाजावर ते यंत्र नुकतंच बसलं होतं. जहाज कुठल्याशा बंदरात माल भरत उभं होतं आणि पाणी सोडणं सुरू होतं. त्यानं काकांना दाखवायला म्हणून कॉल लावला होता. पडद्यावर हिरवे नळ, पांढरा दिवा, हलणारं काहीतरी. काकांनी चष्मा काढला.

"चित्र नको. मला आवाज ऐकव. फोन त्याच्या अंगाला लाव."

पोरानं तसं केलं. पडवीत त्या दिवशी हिरू होती, तिच्या दोघी मैत्रिणी होत्या, काकू होत्या, मी होते. काकांनी फोन गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. फोनमधून एकसारखी घरघर येऊ लागली. आम्हाला सगळ्यांना तो नुसता आवाज होता. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हलकं हलकं होत चाललं होतं. हिरू त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती, काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. दहा मिनिटं, कदाचित जास्तच, आम्ही पाच बायका एका म्हाताऱ्याला परदेशातलं एक यंत्र ऐकताना बघत बसलो.

मग त्यांनी डोळे उघडले. "अरे," ते फोनमध्ये म्हणाले, "मागच्या बाजूच्या पंपाचं बेअरिंग कुरकुरतंय. ग्रीस दे त्याला."

"देतो, अंकल."

"बाकी चांगलं चाललंय," ते म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून त्यांनी काकूंकडे चहा मागितला.